डॉमिनियन नॉक्टर्न: साडेतीन तासांत डाव संपला नाही, हे असंच असतं का?

मेंढीकोट_सून

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, मानेवाड्याला राहते. सासरी आल्यापासून मेंढीकोट खेळतेय, कारण या घरात तो येत नसेल तर सुनेला दुपारच्या चहाला कोणी विचारत नाही. डॉमिनियनचं, म्हणजे पानं विकत घेत आपापला गठ्ठा वाढवायच्या या पत्त्यांच्या खेळाचं, वेड गेल्या दोन वर्षांतलं. मूळ खोका भाच्याने आणला होता आणि परवा नॉक्टर्न हा त्याचा विस्तारही तोच घेऊन आला. ५०० पानांचा खोका, भुतंखेतं, वटवाघळं, लांडगे. चित्रं बघूनच सगळे खूश.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या डॉमिनियनमध्ये आधी अ‍ॅक्शन, मग खरेदी आणि शेवटी आवराआवर असते. नॉक्टर्नमध्ये खरेदीनंतर ‘रात्र’ होते आणि रात्रीची काळी पानं तेव्हाच खेळायची. शिवाय दोन वेगळे गठ्ठे आहेत, १२ बून आणि १२ हेक्स. सासऱ्यांनी पहिल्याच पाच मिनिटांत बूनला ‘प्रसाद’ आणि हेक्सला ‘करणी’ नाव देऊन टाकलं, तेच आता घरात चालतं.

आम्ही चौघं बसलो: मी, हे, भाचा आणि सासरे. सासरे रेल्वेतून निवृत्त, वय ७३. मेंढीकोटात कोणाची कोणती दस्सी अजून बाहेर यायची आहे हे त्यांना झोपेतही सांगता येतं. नवतपा चालू, दुपारचे दोन, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या आणि समोर कूलर.

राज्याची, म्हणजे त्या डावात विकत मिळणारी, दहा पानं आम्ही सगळी नॉक्टर्नमधली घेतली आणि चित्र बघून निवडली. व्हॅम्पायर, वेअरवुल्फ, स्कल्क, टॉर्मेंटर, लेप्रेकॉन, कर्स्ड व्हिलेज, पूका, पिक्सी, बार्ड, ड्रुइड.

साडेपाच वाजले तेव्हा बारापैकी पाचच प्रॉव्हिन्स (जास्त गुणांची पानं, ती संपली की डाव संपतो) गेल्या होत्या. तेवढ्यात वीज गेली, कूलर थांबला, आणि सासरे ‘जमलं नाही बुवा’ म्हणत अंगणात निघून गेले.

आता अडचणी सांगते.

पहिली म्हणजे करणी. कोणी हल्ल्याचं पान खेळलं की उरलेल्या तिघांसाठी एकेक हेक्स उलटायची, वाचायची, भाच्याने अर्थ सांगायचा, मग भोगायची. चार हल्ले झाले की गठ्ठा संपला, की पुन्हा पिसा. त्यात एकदा कूलरच्या झोताने निम्मा गठ्ठा उडाला. ‘प्लेग’ नावाचं पान रात्री केर काढताना दिवाणाखाली सापडलं, म्हणजे अर्धा डाव आम्ही अकराच हेक्सवर खेळलो.

दुसरी रात्रीची. एका खेळीत रात्रीचं एकच पान खेळता येतं ना? दिवसा अ‍ॅक्शन एकच मिळते तसं? आम्ही तसंच धरलं आणि सगळ्यांच्या हातात काळी पानं तुंबून राहिली.

तिसऱ्यावरून भांडण झालं. पूका असेल तर प्रत्येकाच्या सुरुवातीच्या सात कॉपरपैकी (एक रुपयाची पानं) एक जाऊन तिथे कर्स्ड गोल्ड येतं, पिक्सी असेल तर आणखी एक जाऊन गोट येते. भाच्याला पहिल्याच हातात कर्स्ड गोल्ड, गोट, दोन कॉपर आणि एक इस्टेट (नुसत्या गुणाचं पान, पैसे शून्य) आली. कर्स्ड गोल्डचे तीन, गोटचा एक, कॉपरचे दोन, झाले सहा. पठ्ठ्याने पहिल्याच खेळीत सोनं घेतलं, वर बकरीने इस्टेटही खाऊन टाकली! माझ्या पहिल्या हातात दोन इस्टेट आणि तीन कॉपर. हा कुठला न्याय?

आणि शेवटचं, ज्यामुळे सासरे उठले. त्यांच्या हातात दोन गोल्ड (तीन-तीन रुपयांची), दोन कॉपर, एक इस्टेट. म्हणजे आठ, म्हणजे प्रॉव्हिन्स. पण मागच्या खेळीत यांनी त्यांच्यावर करणी टाकली ती ‘एन्व्ही’ निघाली. त्या खेळीत सिल्व्हर आणि गोल्ड दोन्हींची किंमत फक्त एक. आठाचे झाले चार. सासरे म्हणाले, “मेंढीकोटात हरलो तर माझ्या चुकीनं हरतो. इथं करणी टाकणाऱ्यालाही माहीत नाही काय टाकतोय ते.” मला उत्तर देता आलं नाही.

खोका परत करता येईल, अजून आठवडा आहे. पण आमचंच काही चुकत असेल तर आधी सांगा.

वऱ्हाडी_प्यादं

ताई, करणी एकच असते ना! एका हल्ल्याले एकच हेक्स उलटाची अन् तेच तिघायले लागू. तुमी तीन तीन उलटल्या तर गठ्ठा संपनच. आमी बी पहिल्या खेपेले असंच केलं होतं, माहा भाऊ तर रुसून जेवलाच नाही.

अन् रात्रीच्या पानाले अ‍ॅक्शन लागत नाही. दहा असतील तर दहा खेळा. काहून अडवून ठेवले बापा!

बुढ्याले सांगजा, खेळ खराब नाही, सून घाई करते.

रातकिडा

वरच्या भाऊंनी दोन मुख्य चुका सांगितल्याच. बाकीचं सविस्तर लिहितो, कारण तुमची ती दहा पानांची यादी वाचून मला घाम फुटला आणि मी तर नाशिकला आहे.

करणी देणारी पानं मोजा. व्हॅम्पायर, वेअरवुल्फ, स्कल्क आणि टॉर्मेंटर हे चार इतरांवर टाकतात. लेप्रेकॉन सोनं देतं, पण खेळात तुमची बरोबर सात पानं नसतील तर करणी तुमच्यावरच उलटते. कर्स्ड व्हिलेज घेताक्षणी घेणाऱ्यालाच लागतं. दहापैकी सहा. त्यात दोन अ‍ॅक्शन देणारं गाव म्हणावं असं हे कर्स्ड व्हिलेज एकच, आणि नको ती पानं काढून टाकायची सोय बकरी, पूका आणि (व्हॅम्पायरचं होतं ते) वटवाघूळ यांपलीकडे फारशी नाही. म्हणजे चौघं एकमेकांची पानं नासवत बसणार आणि कोणाचाच डेक उभा राहणार नाही. नॉक्टर्न हा डॉमिनियनचा अकरावा विस्तार, २०१७ चा. डोनाल्ड व्हॅकारिनोने तो मूळ खेळात मिसळून खेळण्यासाठी केला आहे. नुसत्या तिखटाची भाजी कोणी करत नाही. सावजीत सुद्धा नाही, माफ करा.

पुढच्या वेळी पाच नॉक्टर्नची आणि पाच मूळ खोक्यातली घ्या. मी सुचवतो ती अशी: व्हॅम्पायर, पिक्सी, नाईट वॉचमन, कॉबलर, डेव्हिल्स वर्कशॉप, आणि त्यांच्या जोडीला व्हिलेज, स्मिदी, मार्केट, फेस्टिव्हल, मोट. करणीचा उगम एकच, व्हॅम्पायर. ज्याला ती नकोच असेल त्याने मोट हातात धरावं, हल्ला झाला की दाखवलं की सुटला.

आता या पानांमधली खरी गंमत. व्हॅम्पायर रात्री खेळलात की इतरांना करणी, तुम्हाला पाचपर्यंतचं एक पान फुकट (दुसरा व्हॅम्पायर सोडून), आणि मग तो स्वतः वटवाघूळ होतो. पुढे ते वटवाघूळ हातात आलं की रात्री हातातली दोन पानं कायमची फेकता येतात. एक जरी फेकलंत तरी ते पुन्हा व्हॅम्पायर होतं. आता नवीन माणूस काय करतो, तर सवयीने सगळी कॉपर टेबलावर मांडतो, पाच-सहा रुपयांचं काहीतरी घेतो, आणि रात्री बघतो तर हातात वटवाघळाशिवाय काहीच नाही. टेबलावर ठेवलेलं कॉपर त्याला खाता येत नाही, ते फक्त हातातलं खातं. म्हणजे दिवसा ठरवावं लागतं की आज दोन कॉपर खर्च करायची की रात्रीसाठी राखून ठेवायची. मला विचाराल तर अख्ख्या खोक्यातला सगळ्यात चांगला निर्णय हा आहे, आणि तो नशिबाचा नाही.

नाईट वॉचमनचंही तसंच. विकत घेतलात की तो थेट हातात येतो, म्हणून त्याच रात्री खेळता येतो. वरची पाच पानं बघायची, नको ती टाकायची, बाकीची हव्या त्या क्रमाने परत ठेवायची. मेंढीकोटवाल्या माणसाला हे पान आवडलं नाही तर मी नॉक्टर्न विकून टाकीन.

भाच्याचं सहाचं सोनं नियमात बसतं. पण कर्स्ड गोल्ड खेळलं की एक कर्स (उणे गुणाचं पान) गळ्यात पडतो, तो घेतला होता ना त्याने? (नसेल तर भांडण पुन्हा सुरू करा.) आणि पुढच्या हातात त्याच्याकडे तीन कॉपर आणि दोन इस्टेटच उरल्या असणार, तीन रुपयांत फार काही होत नाही. कर्स्ड गोल्ड दर खेपेला वापरलंच पाहिजे असंही नाही, हातात तसंच राहू देता येतं. मी ते एकदाच, फार तर दोनदा वापरतो आणि मग बकरीला खाऊ घालतो.

सासऱ्यांचं एन्व्हीचं दुःख मात्र खरं आहे. एवढंच लक्षात घ्या की एन्व्ही खेळी सुरू व्हायच्या आधीच समोर उघडी पडलेली असते. म्हणजे विचार करायला वेळ असतो. त्यावर उतारा वरच्या दहा पानांतच आहे. तो कोणता ते मी सांगत नाही, त्यांना शोधू द्या.

वर्धा_रोडवाला

मी थोडा उलट बोलतो. माझ्याकडे नॉक्टर्न चार वर्षं आहे आणि वर्षातून तीनदा निघतं. खेळ वाईट नाही, पण मांडायचा कंटाळा. दहा राज्यपानं, त्यांच्याबरोबर बून, हेक्स, वटवाघळं, इम्प, घोस्ट, विल-ओ-विस्प, विश, शिवाय डिल्यूडेड-एन्व्हियसची ती पानं. जेवणाचं टेबल पुरत नाही. दोघंच असाल तर मजा येते. चौघांत करणी वाचायलाच वेळ जातो, एकच उलटली तरी.

मी केलेली सोय सांगतो. प्रत्येक राज्यपानाबरोबर त्याचा लवाजमा एकाच झिपच्या पिशवीत ठेवा. व्हॅम्पायरच्या पिशवीत दहा वटवाघळं, पूकाच्या पिशवीत कर्स्ड गोल्ड. मांडायला पाऊण तास लागायचा तो दहा मिनिटांवर आला.

आणि कूलर. ताई, उडालेल्या पानांचं सोडा, कूलरच्या ओलसर हवेने पानं वाकतात. माझ्या मूळ खोक्यातली कॉपर आज भजीसारखी गोल झाली आहेत. स्लीव्ह घाला, युरो आकाराच्या, या पानांचं माप ५९ बाय ९१ मिलिमीटर. ५०० स्लीव्हचा खर्च जिवावर येत असेल तर निदान हेक्स-बूनच्या २४ पानांना घाला, कारण ती सारखी पिसली जातात आणि वाकलेलं पान पाठीमागून ओळखता येतं. मेंढीकोटवाल्या माणसाला तर नक्कीच येईल.

मेंढीकोट_सून

मंडळी, कळवायचं राहिलं होतं. रविवारी परत बसलो.

आधी कबुली. भाच्याने कर्स घेतला नव्हता! “मामी, मला वाटलं तो सोनं घेतल्यावर माफ होतो.” त्याला आठवडाभर तर्री पोहे आणायची शिक्षा झाली आहे, आणि तर्री वेगळ्या पिशवीत न सांडता आणायची.

रातकिडा यांनी सांगितलेलीच दहा पानं घेतली. सासरे यायलाच तयार नव्हते. मी त्यांना फक्त नाईट वॉचमन दाखवला आणि म्हटलं, बाबा, हे पान म्हणजे पुढची पाच पानं बघून घ्यायचा परवाना. चष्मा पुसून दोनदा वाचलं, मग खुर्ची ओढली. कूलर उलट्या दिशेला फिरवला, हेक्सच्या गठ्ठ्यावर पितळी अडकित्ता ठेवला. हातांना संत्रा बर्फीचा चिकटा लागू नये म्हणून बर्फी डाव संपल्यावरच, असा ठराव झाला. तो भाच्याने दहा मिनिटांत मोडला.

सुरुवातीला सासरे नुसते वॉचमन घेत राहिले. दोन सिल्व्हर, दोन वॉचमन, मग एक डेव्हिल्स वर्कशॉप. वर्कशॉप म्हणजे रात्रीचं पान, त्या खेळीत तुम्ही काहीच मिळवलं नसेल तर एक गोल्ड फुकट. एक पान मिळवलं असेल तर चारपर्यंतचं एखादं, दोन किंवा जास्त मिळवली तर इम्प. आम्ही तिघं पैसे आले की काहीतरी घेतच होतो, रिकामा हात परत करणं जिवावर येतं. सासऱ्यांचं तसं नाही. रेल्वेत पस्तीस वर्षं पगाराच्या दिवशी बाजारात न जाणारा माणूस.

मग ती खेळी आली. यांनी व्हॅम्पायर खेळला आणि उलटली ती काय, एन्व्हीच! मी मनात म्हटलं, झालं, आता उठतात. सासऱ्यांच्या हातात वर्कशॉप, स्वतःचा व्हॅम्पायर, एक गोल्ड, एक कॉपर, एक इस्टेट. एन्व्हीमुळे गोल्ड आणि कॉपर मिळून दोनच रुपये. भाचा म्हणाला, “आजोबा, दोनात मोट घ्या.” सासरे काही बोलले नाहीत. गोल्ड, कॉपर हातातच ठेवलं. खरेदी नाही म्हणाले.

रात्र झाली. आधी वर्कशॉप टाकलं. काहीच मिळवलेलं नाही, म्हणून गोल्ड उचललं. त्यानंतर व्हॅम्पायर. मार्केट फुकटात घेतलं, आम्हा तिघांवर करणी, आणि व्हॅम्पायर ठेवून वटवाघूळ घेतलं. मग भाच्याला विचारतात, “मी आधी व्हॅम्पायर टाकला असता तर मार्केट मिळालं असतं, मग वर्कशॉपने चाराचंच काही दिलं असतं. बरोबर?” भाचा नियमांचं पुस्तक उघडून दोन मिनिटं बघत होता. बरोबरच होतं. रातकिडा, तुमचा उतारा हाच होता ना?

त्यांनी आमच्यावर टाकलेली करणी ‘पॉव्हर्टी’ निघाली, हातात तीनच पानं ठेवायची. त्या खेळीत मी काय घेतलं ते विचारू नका.

पुढे एकदा भाच्याने त्यांच्यावर टाकली ती ‘प्लेग’, म्हणजे तोच दिवाणाखालचा. त्याने कर्स थेट हातात येतो. भाचा खूश. पण सासऱ्यांच्या हातात वटवाघूळ आधीच बसलेलं. रात्री तो कर्स आणि एक न खेळलेलं कॉपर असं जोडीने फेकलं, वटवाघळाचा पुन्हा व्हॅम्पायर झाला, आणि पान टाकताना म्हातारा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालात उभा असल्यासारखा ओरडला, “घेऊन जा गे मारबत!” आता घरात कोणीही कर्स फेकला की हेच ओरडायचं असा नियम झाला आहे. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारत होत्या, पोळा इतक्यात कसा.

डाव सव्वा तासात संपला. सासरे सहा प्रॉव्हिन्स, मी तीन, हे दोन, भाचा एक. बर्फीच्या बोटांचा वॉचमन कोणता ते आता सगळ्यांना पाठीमागून कळतं, त्यामुळे स्लीव्हचं मनावर घेतलंय.

वर्धा_रोडवाला, चौघांत वेळ लागतो हे मात्र खरं आहे. करणी वाचण्यात नाही लागत, सासरे वॉचमनची पाच पानं मांडीवर लावत बसतात त्यात लागतो.

रातकिडा

हो, हाच उतारा. मला स्वतःला तो सुचायला चार डाव लागले होते, हे त्यांना सांगू नका.

आता त्यांना फूल नावाचं पान दाखवा. ते खेळणाऱ्याला ‘लॉस्ट इन द वूड्स’ मिळतं, मग दर खेळीच्या सुरुवातीला एक पान टाकून एक प्रसाद घेता येतो, दुसऱ्या कोणी फूल खेळून ते हिरावून घेईपर्यंत.

मेंढीकोट_सून

दाखवलं. म्हणाले, “हा तर रानातला चकवा. पण चकवा लागलेल्याला प्रसाद कोण देतं?” आणि पान परत खोक्यात ठेवलं. पुढच्या रविवारी काढणार आहेत, मला खात्री आहे, कारण खोक्यात ठेवताना सगळ्यात वर ठेवलंय.

वऱ्हाडी_प्यादं

ताई, रविवारी आमी येऊ का? मानेवाड्यालेच राहतो. माही स्वतःची खुर्ची आनतो. बर्फी मात्र डावाच्या आंधीच द्याची.